पंपिंगचा आकडा आणि माणूस

नमस्कार मंडळी. आज हार्टवर बोलायचंय, पण काय खावं आणि काय नाही ते मी सांगणार नाही, तर्री पोह्यावरची तर्री कमी करा म्हणणारे भरपूर आहेत आणि तसंही नागपुरात ते कोणी ऐकत नाही. मी हार्टच्या पेशंटवर जे क्लिनिकल रिसर्च चालतं त्यात स्टडी कोऑर्डिनेटर आहे. डॉक्टर नाही बरं का. डॉक्टर आणि पेशंटच्या मधात फाइल घेऊन पळणारी बाई म्हणा. संमतीचे फॉर्म समजावून सांगायचे, फॉलोअपचे फोन करायचे, कोणाच्या गोळ्या उरल्या ते मोजायचं, असं सगळं.

तर आपल्याकडे धंतोली-रामदासपेठेत कुठल्याही इको (म्हणजे हृदयाची सोनोग्राफी) सेंटरच्या बाहेर जरा वेळ बसा, रिपोर्ट हातात आला की काका लोक आधी आकडा शोधतात. "मॅडम, पंपिंग ६० टक्के लिहून राहिले, म्हणजे ४० टक्के हार्ट गेलं काय बाप्पा?" आणि घरी फोन पण करून टाकतात, काकू तिकडे रडायला लागते. काका, थांबा. हृदयाच्या डाव्या कप्प्यात साधारण १२० मिली रक्त भरतं आणि एका ठोक्याला त्यातलं ७० मिलीच्या आसपास बाहेर फेकलं जातं, बाकीचं आतच राहतं आणि ते राहायलाच पाहिजे, म्हणून ५५ ते ७० टक्के म्हणजे एकदम नॉर्मल. १०० टक्के पंपिंग कोणाचंच नसतं, पैलवानाचंही नाही.

पण याची दुसरी बाजू पण आहे. पंपिंग ६० आहे आणि तरी जिना चढताना धाप लागते, पाय सुजतात, रात्री उठून बसावं लागतं, असे पेशंट हार्ट फेल्युअरमध्ये (म्हणजे हृदय बंद पडणं नाही, शरीराला लागतं तेवढं काम त्याला न झेपणं) जवळपास निम्मे असतात. त्यांचं हृदय आकुंचन नीट पावतं पण भरताना सैल होत नाही, ताठर झालेलं असतं. आणि उलट कोणाचं पंपिंग ३० असतं आणि तो गोळ्या नियमित घेऊन आपली रोजची कामं करत असतो. म्हणजे आकडा कामाचा आहे, पण आकडा म्हणजे माणूस नाही. हे सांगायला सोपं वाटतं, पण मोठमोठ्या संशोधकांना ते कळायला बरीच वर्षं लागली, आणि कळलं तेही माणसं मेल्यावर.

१९८० च्या आसपासचा विचार असा होता की हृदय कमजोर झालं न, मग त्याला जोर देणारं औषध द्या. सरळ हिशोब. मिलरिनोन नावाचं औषध होतं, ते दिलं की पंपिंग सुधारायचं, पेशंटलाही थोडे दिवस बरं वाटायचं. मग १०८८ पेशंटवर ट्रायल झाली, सगळे गंभीर हार्ट फेल्युअरचे, अर्ध्यांना खरी गोळी अर्ध्यांना खोटी (दिसायला तशीच, आत औषध नाही), आणि १९९१ मध्ये निकाल छापून आला. खोट्या गोळीवाल्यांत १०० मागे २४ गेले होते आणि खऱ्या गोळीवाल्यांत ३०. ट्रायल ठरल्या वेळेआधीच बंद करावी लागली. थकलेल्या बैलाला तुतारी टोचली की तो चार पावलं जोरात चालतो आणि मग बसतो तो बसतोच, तसं झालं. हे औषध आजही आयसीयूत शिरेतून थोड्या वेळापुरतं देतात, ती वेगळी गोष्ट, रोजची गोळी म्हणून मात्र ते गेलं.

आता गंमत बघा. त्याच काळात बीटा ब्लॉकर ही औषधं हार्ट फेल्युअरमध्ये द्यायचीच नाहीत असं डॉक्टरांना शिकवलं जायचं, कारण ती हृदयाची गती आणि जोर कमी करतात, म्हणजे आधीच कमजोर त्यात अजून दाबायचं! पण स्वीडनमध्ये गोटेनबर्गला काही डॉक्टरांनी १९७५ मध्ये फक्त ७ पेशंटवर ती वापरून बघितली होती आणि पेशंट सुधारले होते. ७ पेशंटवर कोण विश्वास ठेवणार, बरोबरच आहे, मीही नसता ठेवला. त्यानंतर चोवीस वर्षांनी, १९९९ मध्ये, बिसोप्रोलोलवरची मोठी ट्रायल छापून आली. २६४७ पेशंट. खोट्या गोळीवर १७.३ टक्के गेले, औषधावर ११.८ टक्के. त्याच वर्षी मेटोप्रोलोलवरच्या ट्रायलचाही तसाच निकाल आला. म्हणजे जोर देणाऱ्या गोळीनं माणसं गेली आणि जोर कमी करणाऱ्या गोळीनं वाचली. आज आपल्या नागपूरच्या मेडिकलच्या किंवा मेयोच्या सरकारी दवाखान्यातल्या ओपीडीत कमी पंपिंगवाल्या बऱ्याच पेशंटच्या चिठ्ठीवर जी बीटा ब्लॉकरची गोळी असते, ती इथून आली. ती अगदी कमी डोसपासून हळूहळू वाढवतात, आणि सुरुवातीला थकल्यासारखं वाटू शकतं म्हणून लोक मधातच सोडून देतात.

अजून एक किस्सा सांगते, हा माझ्या मते सगळ्यात भयानक. अटॅकनंतर ज्यांच्या हृदयाचे मधामधात जास्तीचे ठोके पडतात ते जास्त मरतात हे माहीत होतं. मग ते ठोके दाबणारी औषधं निघाली, एन्कनाइड आणि फ्लेकनाइड. ट्रायलमध्ये पेशंट घेतानाच आधी बघितलं होतं की याचे ठोके या गोळीनं खरंच दबतात का, दबत असतील तरच पुढे घ्यायचं. म्हणजे ईसीजी मस्त, रिपोर्ट मस्त, डॉक्टर खूश. सरासरी १० महिन्यांनी हिशोब केला तर खऱ्या गोळीवरचे ७५५ होते त्यातले ६३ गेले आणि खोट्या गोळीवरचे ७४३ होते त्यातले २६. या दोन औषधांचा भाग १९८९ मध्ये थांबवला. ही ट्रायल झालीच नसती तर? डॉक्टर चांगल्या मनानं ती गोळी देत राहिले असते, पेशंट गेला की म्हटलं असतं आजारच तसा होता. कोणालाच कळलं नसतं.

म्हणून लोक मला विचारतात न, "काऊन मॅडम, खोटी गोळी देऊन गरीब माणसाला फसवता काय," तेव्हा मी हेच सांगते. फसवायचं असतं तर फॉर्मवर लिहिलं नसतं. कोणाला कुठली गोळी ते कॉम्प्युटर चिठ्ठी काढल्यासारखं ठरवतो, पेशंटला माहीत नाही, मला माहीत नाही, डॉक्टरला पण नाही, कारण माहीत असलं की डोळा तेच बघतो जे बघायचंय. आणि बाकीची ठरलेली औषधं, ती दोघांनाही चालूच असतात.

इंग्लंडमध्ये तर एक पाऊल पुढे गेले. २०० पेशंट, ब्लॉकेज आहे, चालताना छातीत दुखतं पण तब्येत स्थिर आहे असे, सगळ्यांना गुंगी देऊन कानाला हेडफोन लावले, निम्म्यांना स्टेंट (नस उघडी ठेवणारी बारीक जाळी) टाकला आणि निम्म्यांना टाकल्याचं नुसतं नाटक केलं. २०१७ मध्ये निकाल आला, औषधं नीट चालू असताना दोन्ही गटांच्या ट्रेडमिलवर चालण्यात म्हणण्यासारखा फरक नाही. त्याच लोकांनी २०२३ मध्ये दुसरी ट्रायल छापली, त्यात छातीदुखीच्या गोळ्या बंद करून बघितलं, तेव्हा स्टेंटनं दुखणं कमी झालं. म्हणजे स्टेंट बेकार आहे असं नाही, कोणत्या पेशंटला आणि कशासाठी हा प्रश्न आहे. आणि हे सगळं स्थिर पेशंटचं, अटॅक चालू असतानाचा स्टेंट जीव वाचवतो, त्यात वाद नाही. कृपा करून रेडिओवर ऐकलं म्हणून ॲम्ब्युलन्समध्ये डॉक्टरांशी भांडू नका.

अटॅकचं निघालंच आहे तर ॲस्पिरिन. १९८८ ची ट्रायल, १७ हजार १८७ पेशंट, एक साधी स्वस्त गोळी महिनाभर, पाच आठवड्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या कारणानं जाणारे ११.८ वरून ९.४ टक्क्यांवर आले. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन पण सोबत दिलं तर दोन्ही न मिळालेल्यांचे १३.२ आणि दोन्ही मिळालेल्यांचे ८. एवढा मोठा निकाल, तरी जर्नलवाले म्हणाले की म्हाताऱ्यांत किती, बायकांत किती, वेगवेगळं करून द्या. ऑक्सफर्डचे संशोधक खट! त्यांनी जन्मतारखेवरून रास काढून पण आकडे दिले, आणि मिथुन नि तूळ राशीवाल्यांना ॲस्पिरिनचा फायदा नाही, उलट थोडा तोटाच, असं निघालं! त्यांना हेच दाखवायचं होतं की तुकडे पाडत गेलं की काहीही निघतं. आता ज्योतिषी मंडळींनी हे धरून बसू नका.

आणि भारतातलं सांगायचं तर २००८ मध्ये २० हजारांवर पेशंटची नोंद छापली गेली, मोठ्या अटॅकमध्ये त्रास सुरू झाल्यापासून दवाखान्यात पोचायला निम्म्या पेशंटना ३६० मिनिटं किंवा त्याहून जास्त लागली. सहा तास! गॅस झाला असेल, सोडा पिऊन बघू, पोरगा कामावरून येऊ दे, यात गेलेले.

आमची खरी अडचण मात्र वेगळीच असते. पेशंट भंडाऱ्याचा, गडचिरोलीचा, तिकडून बालाघाट-शिवनीचा, जूनमध्ये पेरणी लागली की फॉलोअपला येत नाही, फोन लागत नाही, नंबर बदललेला असतो. तुम्ही म्हणाल त्यात काय, एक कमी. पण तो बरा होऊन शेतात गेला की गेलाच, हे कळल्याशिवाय हिशोब लागत नाही, आणि न येणाऱ्यांत गेलेलेच जास्त असले तर आमचा निकाल उगाच गोड दिसेल. म्हणून मी मग त्यांच्या सरपंचाला फोन करते, किराणावाल्याला करते, लोक वैतागतात.

तुम्हाला कोणी ट्रायलबद्दल विचारलं तर घाबरून नाही म्हणू नका आणि भिडेखातर हो पण म्हणू नका. मराठीत फॉर्म मागा, घरी नेऊन वाचा. ट्रायलचा सीटीआरआयचा (म्हणजे देशातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीचा) नोंदणी नंबर विचारा, २००९ पासून औषधांच्या ट्रायलला ती नोंदणी लागतेच आणि ती वेबसाइटवर कोणालाही बघता येते. त्रास झाला तर खर्च कोण करणार, मधात सोडलं तर उपचार चालू राहतील का (राहिलेच पाहिजेत), गाडीभाडं मिळतं का, हे सगळं बिनधास्त विचारा. आणि एक प्रश्न खास करून, की शेवटी तुम्ही काय मोजणार आहात? नुसता इकोचा आकडा, की आम्ही किती जगलो, किती वेळा ॲडमिट झालो, किती चालू शकलो ते? कोऑर्डिनेटर जरा गडबडली तर गडबडू द्या, डॉक्टरांना विचारून सांगेल.

आणि आजचं ऐकून आपली चालू असलेली कुठलीही गोळी कोणी बंद करायची नाही, विशेषतः स्टेंटवाल्यांनी रक्त पातळ करायची आणि बीटा ब्लॉकर तर अजिबातच अचानक नाही. शंका असेल तर पुढच्या ओपीडीला चिठ्ठी आणि जुना इको दोन्ही घेऊन जा, नुसता नवा नेऊ नका, डॉक्टर जुना मागतातच.