डेकवरची तिरकी रेघ

मंडळी, विमानवाहू नौकेचा आकाशातून काढलेला फोटो आठवा. उतरण्याची पट्टी जहाजाच्या नाकाकडे जात नाही, ती डावीकडे कलते. या नौकांचा विषय निघाला की लोक टनांवर येतात, एक लाख टन, अणुभट्ट्या वगैरे. मला आज फक्त त्या कललेल्या पट्टीबद्दल बोलायचंय.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत डेक, म्हणजे जहाजाची सपाट पाठ, सरळ पट्टीचा होता. विमान मागून यायचं, त्याच्या शेपटाखालचा हूक डेकवर आडव्या ताणलेल्या तारेत अडकायचा आणि विमान थांबायचं. पुढच्या भागात आधी उतरलेली विमानं दाटीवाटीनं उभी असायची. मध्ये तारांचं कुंपण. हूक चुकला तर कुंपणात, आणि उसळी मारून कुंपण ओलांडलं तर थेट सोबत्यांच्या विमानांवर. पंख्याच्या विमानांचा वेग बेताचा, म्हणून निभत होतं. जेट आली आणि पंचाईत झाली. वेग वाढला, वजन वाढलं, आणि त्या काळच्या जेट इंजिनाला थ्रॉटल दिल्यावर जोर यायला वेळ लागे. चुकलं तर पुन्हा वर जाण्याची वाटच नव्हती.

यावर ब्रिटिशांनी आधी काय केलं, तर रबर अंथरलं! 'वॉरियर' जहाजावर मऊ रबरी डेक बसवला आणि 1948 मध्ये चाचणी-वैमानिक एरिक ब्राऊन यांनी त्यावर व्हॅम्पायर जेट चाकं खाली न सोडता पोटावर उतरवलं. कल्पना अगदीच वेडी नव्हती. चाकांचा सांगाडा गेला की विमान तेवढं हलकं. पण रबरावर पालथं पडलेलं धूड बाजूला कसं करायचं? मागचं विमान तोवर घिरट्या घालत राहणार.

1951 मध्ये ब्रिटिश नौदलाचे कॅप्टन डेनिस कॅम्बेल याच रबरी डेकच्या कामात होते. त्यातून त्यांना सुचलं ते असं: पट्टीच थोडी वळवा. उभी विमानं उजवीकडे राहतील, समोर नुसता समुद्र. हूक चुकला तर जोर लावा, उडा, फेरी मारून परत या. पहिली चाचणी कशी घेतली असेल? फेब्रुवारी 1952 मध्ये 'ट्रायम्फ'च्या सरळ डेकवर रंगानं तिरक्या रेघा ओढल्या, बस्स. मग अमेरिकनांनी 'अँटिएटम'चा डेक बाजूला वाढवून खरी तिरकी पट्टी केली. त्यांची नवी नौका 'फॉरेस्टल' सरळ डेकची ठरली होती. बांधता बांधता नकाशा बदलला आणि 1955 मध्ये ती तिरक्या पट्टीसह नौदलात आली. आजही वैमानिक डेकला टेकताक्षणी इंजिन कमी करत नाही, पूर्ण जोर देतो. तार अडकली तर ती थांबवेल; नाही अडकली तर तो पुन्हा हवेत.

याच सुमारास आणखी दोन गोष्टी आल्या: वाफेवर चालणारा कॅटापल्ट, म्हणजे विमानाला डेकवरून झटक्यात पुढे फेकणारं यंत्र, आणि उतरणीचा कोन दाखवणारा आरसा. दोन्ही ब्रिटिशांच्याच. त्यांच्यावर वेगळं व्याख्यान होईल.

आपल्या जुन्या 'विक्रांत'चं नशीब इथं बघण्यासारखं आहे. 'हर्क्युलिस' नावानं ती 1945 मध्ये पाण्यात उतरली आणि युद्ध संपल्यामुळे अर्धवटच पडून राहिली. भारतानं ती 1957 मध्ये घेतली. बेलफास्टमध्ये काम पुरं करताना तिरका डेक, कॅटापल्ट, आरसा असं सगळं बसवलं आणि 4 मार्च 1961 ला ती आपल्या नौदलात आली. वेळेवर पुरी झाली असती तर सरळ डेकची राहिली असती! रखडण्याचा असा फायदा आपल्याकडे क्वचित होतो. 1971 मध्ये एक बॉयलर तडकलेला, वेग घटलेला, तरी तिच्यावरून सी हॉक आणि अलिझे ही विमानं बंगालच्या उपसागरात उडाली, कॉक्स बाजार आणि चितगावपर्यंत जाऊन आली.

पुढे मुंबईत ती संग्रहालय झाली. आपल्यातले काही जण नौदल सप्ताहात तिच्यावर गेले असतील. 2014 मध्ये ती मुंबईतल्याच दारूखाना या जहाजं तोडण्याच्या जागी तोडायला घेतली. 2022 मध्ये कोचीत दाखल झालेल्या नव्या 'विक्रांत'वर कॅटापल्ट नाही. विमानं नाकाकडच्या चढणीवरून झेप घेतात. उतरायची पट्टी मात्र तशीच, डावीकडे कललेली.