ताट वाजवून पाहिलं होतं

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या सांगलीच्या घरात सकाळी साडेसहाला रेडिओ लागतो. सुनेचं बाळंतपण झालं तेव्हाही तो पाळण्यापासून चार हातांवर वाजत असायचा आणि नात गाढ झोपलेली असायची. 'किती गुणाची पोर, कशानं म्हणून दचकत नाही,' असं मी शेजारणींना कौतुकानं सांगायचे.

ती दहा महिन्यांची असताना सून म्हणाली, "आत्या, ही हाकेला वळत नाही हो." सून माझ्या सख्ख्या भावाची मुलगी, म्हणून मला आत्याच म्हणते. मी स्वयंपाकघरातून ताट आणि उलथनं आणलं, पोरीच्या पाठीमागं उभी राहून दणदण वाजवलं. ती वळली. "बघ, येतंय ऐकू," म्हणून मी विषय मिटवला. पुढं तज्ज्ञ बाईंनी सांगितलं, की ज्या मुलाला ऐकू येत नाही ते सगळ्या अंगानं बघत असतं. फरशीचा हादरा, भिंतीवरची सावली, समोर बसलेल्या आईचे डोळे, कशानंही ते वळतं. एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेली बाई मी, आणि परीक्षा घेतली ती अशी.

त्यानंतर 'हिचा बापसुद्धा उशिराच बोलला होता' हे वाक्य मी घरात किती वेळा म्हटलं असेल, मोजदाद नाही. शेवटी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आलं. त्यातल्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं : बेरा तपासणी करा. आवाज कानापासून मेंदूपर्यंत पोचतो का, ते वायरी लावून बघायची तपासणी ती. तेव्हा ताई अडीच वर्षांची होती. घरात आम्ही तिला ताईच म्हणतो.

बेरासाठी मूल झोपलेलं लागतं. रात्रभर तिला जागवलं, सकाळी औषधाचा चमचा पाजला, कपाळावर आणि कानांमागं वायरी चिकटवल्या. नव्वद डेसिबलपर्यंत आवाज दिला, म्हणजे शेजारून ट्रक धडधडत जावा एवढा. दोन्ही कानांना प्रतिसाद नाही.

कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखा अडीच वेटोळ्यांचा एक अवयव असतो, कॉक्लिया. त्यातल्या केसांसारख्या बारीक पेशी आवाजाच्या लहरींचा विजेचा संदेश करून मज्जातंतूला देतात. ताईच्या त्या पेशीच निकामी होत्या. साधं श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, पण निरोप पोचवणारा पोस्टमनच नसेल तर पत्र मोठ्या अक्षरांत लिहून काय उपयोग? तरी नियमाप्रमाणे तीन महिने ते लावून पाहिलं. मग कॉक्लिअर इम्प्लांट. कानामागच्या हाडातून वाट करून एक तार त्या शंखात सरकवतात. बाहेर कानावर आवाज टिपणारा प्रोसेसर बसतो आणि त्याची चकती लोहचुंबकानं डोक्याला चिकटते. ती आतल्या यंत्राला संदेश देते आणि तार थेट मज्जातंतूला. ऑस्ट्रेलियातले कानाचे डॉक्टर ग्रेम क्लार्क यांना ही तार वळणावर अडायची. समुद्रकाठी एका शिंपल्यात गवताची पाती सरकवून बघताना त्यांना सुचलं, की टोक मऊ हवं आणि बूड ताठ. १९७८ साली मेलबर्नमध्ये त्यांनी आपलं पहिलं असं ऑपरेशन केलं. त्यांचे स्वतःचे वडील कानानं अधू होते.

आमच्या मुलांच्या तारेवर २२ इलेक्ट्रोड आहेत, म्हणजे संदेश देणारे ठिपके. मिरजेच्या तंबोऱ्यांच्या शेजारी जन्म गेला माझा, त्यामुळं आकडा ऐकल्याबरोबर सप्तकातल्या बावीस श्रुती आठवल्या. योगायोगच, दुसरं काही नाही. पण श्रुती म्हणजे ऐकणंच की.

खर्चाचं सगळे विचारतात. लाखांत आहे. केंद्र सरकारची योजना आहे, त्यासाठी मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेकडं चौकशी करता येते. वयाची आणि उत्पन्नाची अट असते, म्हणून चौकशी लवकर करा. आम्ही अटीत बसलो नाही. माझ्या पाटल्या आणि मुलाचा प्रॉव्हिडंट फंड त्यात गेला. पुढच्या खर्चाचं मात्र कोणी विचारत नाही. चकतीची वायर तुटते, सेल संपतात, पावसाळ्यात ओल धरते म्हणून यंत्र रोज रात्री सिलिका जेलच्या डब्यात ठेवावं लागतं. घर चालवावं तसं कान चालवावे लागतात.

ऑपरेशन २०१७ साली झालं, ताई सव्वातीन वर्षांची असताना. महिन्याभरानं यंत्र सुरू केलं. मोबाईलवर तुम्ही पाहिलं असेल, यंत्र सुरू होतं आणि बाळ हसतं. आमची भोकाड पसरून रडली आणि चकती उपटून फेकली. आयुष्यात पहिल्यांदा आवाज आल्यावर कोण हसेल, मला सांगा.

मग शिकवणी सुरू झाली. ती मुलीची कमी आणि घराची जास्त. बाई म्हणायच्या, यंत्रानं आवाज दिलाय, अर्थ तुम्ही द्यायचा. रोज सकाळी तोंडासमोर हात धरून मी सहा ध्वनी काढायचे : आ, ई, ऊ, म, श, स. ऐकू आला की तिनं वाटीत मणी टाकायचा. 'स' ला मणी पडायला चार महिने लागले. दिवसभर तोंडाची टकळी चालू. आता भेंडी पुसते, बघ कशी बुळबुळीत, आता चिरते, टक टक टक. शेजारीण म्हणाली, आजी एकटीच बडबडतात, बघा जरा.

दुसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, नात्यातलं लग्न का? तपासणीत निघालं, नवराबायको दोघांकडंही बहिरेपणाचा तोच दोष दडलेला. स्वतःला काही नाही, पण प्रत्येक मुलाच्या वेळी चारात एक शक्यता. पहिल्याच्या वेळी झालं म्हणून दुसऱ्याच्या वेळी सुटका नाही. हे लग्न मी जुळवलं होतं. सुनेनं त्यावरून मला एका शब्दानं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

२०१८ च्या जानेवारीत बाळ्या झाला. दुसऱ्याच दिवशी त्याच्या कानाची तपासणी झाली, तिसऱ्या महिन्यात बेरा, तेराव्या महिन्यात ऑपरेशन. ताट कोणी वाजवलं नाही.

आणि त्याच वर्षी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी सत्तावन्न फुटांच्या वर पाणी होतं, सांगलीकरांना सांगायला नको. आमचं घर गावभागात. तीन दिवस माडीवर अडकलो, वीज नाही, दुकानं पाण्याखाली. सेलच्या पाकिटात सहाच सेल उरलेले, एका यंत्राला दिवसाला दोन लागतात. सून म्हणाली, "बाळ्याला देऊ. त्याला ऐकू यायला लागून पाचच महिने झालेत." मी भांडले. म्हटलं, हिचं आधीच गेलंय, ते माझ्यामुळं, आता पुन्हा हिचंच? सून म्हणाली, "आत्या, म्हणूनच." दिले बाळ्याला. ताई तीन दिवस खिडकीशी बसून पाणी बघत होती. नावेत चढताना जवान ओरडत होता, 'खाली बस, खाली बस', आणि ती उभीच. मी तिला खेचून मांडीत घेतलं. यंत्राचा डबा माझ्या पदरात होता, बाकी सामानाची पिशवी राहिली तिथंच.

आज ताई अकरा वर्षांची आहे, साध्या मराठी शाळेत जाते. गणितात पुढं. पण प्रत्यय निसटतात. 'आजी, मी शाळा गेले,' म्हणते. शाळेत मधला तो 'त' इतका हलका, की वर्गाच्या गोंगाटात तिच्या कानापर्यंत टिकत नाही, आणि जो भरपूर ऐकायच्या वयात ऐकला नाही तो आता नियम घोकून आणावा लागतो. बाळ्याला कोणी नियम शिकवले नाहीत. तो सात वर्षांचा, आणि तिला मधेच तोडतो, "शाळेत गं, शाळेत!" दोघांच्या वाक्यांमध्ये जे अंतर आहे, ते मला महिन्यांत मोजता येतं. त्यातले वीस महिने त्या ताटाचे.

तेव्हा बाळ हाकेला वळत नाही असं घरातली आई म्हणाली, तर घरातल्या आज्यांनो, तुमचं म्हणणं आठवडाभर पोटात ठेवा आणि बेरा करून आणा.

आणखी एक. शिकवणीच्या काळात आम्हाला बजावलं होतं, हातवारे करू नका, नाहीतर मूल ऐकायचा कंटाळा करेल. आम्ही पाळलं. पण रात्री दोन्ही यंत्रं डब्यात गेली, की ही दोघं अंथरुणात समोरासमोर बसतात आणि हातांनी बोलतात. कोणी शिकवलं नाही, त्यांचं त्यांनीच रचलंय. खूप हसतात, आवाज न करता. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. दिवा घालवायचा नाही एवढी सक्त ताकीद आहे, अंधारात बोलणार कसं?

परवा ताईनं मला 'झोपा आता' ची खूण शिकवली. मी करून दाखवली. बाळ्यानं माझा हात धरून अंगठा आत दुमडला. चुकलं होतं माझं.

नमस्कार.