पाळण्यात न दिसलेले पाय

(दृश्य : सकाळ. सांगली, कृष्णेचा घाट. दहा-अकरा वर्षांची मुलगी आजीबरोबर येते आहे.)

तिच्या डाव्या चपलेकडे बघा. बाहेरची कड झिजून पातळ झालीय, अंगठ्याखालचा भाग मात्र अजून कोरा. चालताना पाऊल आत वळतं. तिला उलटं चालायला सांगा, तेच पाऊल सरळ पडतं. एवढ्यावरून पोरीला वर्षभर ऐकावं लागलं, "नाटकं करतीय." एमआरआयमध्येही काही निघालं नाही, मग तर बोलायलाच नको.

नाटक नव्हतं ते. डिस्टोनिया होता. या आजारात मेंदूची रचना शाबूत दिसते. स्नायूंना जाणारे हुकूम चुकतात, तेही ठरावीक हालचालीपुरते.

तिच्या रक्ततपासणीत जो दोष सापडला, त्याचा शोध १९९७ सालचा. नवव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकातून डीएनएची तीन अक्षरं गळतात आणि टॉर्सिन-ए या प्रथिनाच्या ३३२ मण्यांच्या, म्हणजे अमिनो आम्लांच्या, माळेतला एक मणी जातो. एकच.

(दृश्य : मेंदूच्या कापाचं चित्र, रंगवलेल्या पेशी.)

हे प्रथिन मेंदूत बऱ्याच ठिकाणी असतं, पण सगळीकडे सारखं नाही. डोपामिन हे हालचालींचे निरोप पोचवणारं रसायन तयार करणाऱ्या पेशींत ते ठळक दिसतं, तसंच तोल आणि हालचालींचा मेळ सांभाळणाऱ्या लहान मेंदूतल्या पुर्किंजे पेशींतही. उंदरांच्या मेंदूत जन्माच्या आगेमागे त्याचं प्रमाण जास्त असतं, पुढे उतरतं. म्हणजे पेशी एकमेकींशी जोडल्या जात असतात, नेमका तोच काळ. माणसाच्या चार आठवड्यांच्या तान्ह्या बाळातही ते आढळलेलं आहे.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात ना? इथं प्रथिन पाळण्यापासूनच आहे, पाय मात्र वळतो शाळकरी वयात. मधली सगळी वर्षं मूल अंगणात धावत असतं. या आजारातलं मला सगळ्यात अस्वस्थ करणारं कोडं हेच.

(दृश्य : मार्केट यार्ड, हळदीची पोती.)

हे तिचे वडील. पाठीवर पोतं, चाल ताठ. तोच दोष यांच्याही रक्तात आहे. तो असलेल्या दहांपैकी साधारण तिघांनाच आजार होतो. त्यांना हे कळलं तेव्हा ते पोत्यावर टेकून कितीतरी वेळ गप्प बसले होते.

मुलीला आता स्नायूंची ही ओढ कमी करणारं ट्रायहेक्सिफेनिडिल हे औषध सुरू आहे, अगदी थोड्या मात्रेपासून चढवत. गोळ्यांनी भागलं नाही तर मेंदूत खोलवर बारीक तारा बसवून विद्युत-उद्दीपन देता येतं, आणि या प्रकारच्या डिस्टोनियात त्याचा गुण चांगला येतो.

(दृश्य : घाटाची पायरी. आजी नातीची चप्पल हातात घेऊन झिजलेली कड बोटानं चाचपते.)

"दुखतं का गं इथं?"