एक पडदा, चार खेळाडू

आता आपल्यासमोर दिसत आहे ते दृश्य 'गोल्डनआय ००७' या गेमचे आहे. हा गेम ऑगस्ट १९९७ मध्ये निन्टेंडो ६४ या कन्सोलसाठी, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळण्याच्या यंत्रासाठी, बाजारात आला. टीव्हीच्या चौकोनाचे चार समान भाग पडले आहेत. प्रत्येक भागात एकेका खेळाडूला दिसणारे जग आहे, आणि चारही भाग एकाच काचेवर असल्यामुळे कोण कुठल्या खोलीत दबा धरून बसला आहे हे बाकीच्या तिघांना नुसती नजर वळवली तरी कळते. ही चोरटी नजर टाकावी की टाकू नये, यावरून त्या काळी घरोघरी भांडणे झाली. इंग्लंडमधील रेअर या कंपनीच्या छोट्या चमूने चौघांनी खेळण्याची ही सोय मूळ आराखड्यात नसताना, शेवटच्या काही महिन्यांत, जवळजवळ हौसेखातर बसवली होती. मुख्य कथा एकट्याने खेळण्याची होती. अनेकांच्या लक्षात राहिला तो मात्र हा वाटून घेतलेला पडदा.

पडदा वाटण्याची गरज का पडली, हे समजण्यासाठी त्याही आधीचा एक गेम पाहावा लागतो, आणि तो मराठी घरांना अपरिचित नाही. १९९० च्या दशकात आपल्याकडे बाजारात मिळणाऱ्या स्वस्त आठ-बिट कन्सोलांवर 'कॉन्ट्रा' हा गेम असायचाच. त्यात दोघे जण एकाच चित्रात, खांद्याला खांदा लावून खेळत. अडचण यायची ती धबधब्याच्या टप्प्यावर. तिथे वर वर उड्या मारत जायचे असते, आणि पुढे गेलेल्या खेळाडूबरोबर संपूर्ण चित्रच वर सरकते. खाली रेंगाळलेला सोबती चित्राच्या कडेबाहेर गेला की मरतो. कित्येक भावंडांची पहिली मारामारी याच धबधब्याखाली झाली असेल. दोघांनी एकमेकांना धरूनच चालायचे असेल तर एक चित्र पुरते, पण दोघांना दोन दिशांना जायचे असेल तर प्रत्येकाला स्वतंत्र खिडकी लागते. १९९२ साली आलेल्या 'सुपर मारिओ कार्ट'ने शर्यतीसाठी टीव्हीचे वर-खाली दोन भाग केले, आणि त्याच वर्षीच्या 'सॉनिक द हेजहॉग २'मध्ये दोन खिडक्यांत बसवण्यासाठी सॉनिक चक्क चेपून बुटका केलेला दिसतो.

वाटणीची किंमत असते, आणि ती यंत्राला मोजावी लागते. टीव्हीवरील एकूण ठिपके तेवढेच राहतात, त्यामुळे पडदा चौघांत वाटला तर प्रत्येक चित्र लहान होते आणि काम फारसे वाढत नाही, असे वरवर वाटते. प्रत्यक्षात ठिपके भरणे हा कामाचा एकच भाग आहे. या खेळाडूला भिंतीआड काय दिसत नाही, दूरच्या झाडाला किती पाने दाखवायची, सावली कुठे पडेल, हा सगळा हिशेब प्रत्येक खिडकीसाठी वेगळा करावा लागतो. मग कुठेतरी काटछाट होते. १९९६ सालच्या 'मारिओ कार्ट ६४'मध्ये तिघे किंवा चौघे खेळू लागले की शर्यतीचे पार्श्वसंगीत बंद होते. वीस वर्षांनंतरही हा नियम बदललेला नाही: २०१७ च्या 'मारिओ कार्ट ८ डिलक्स'मध्ये एक किंवा दोन खेळाडू असताना सेकंदाला ६० चित्रे दिसतात, तिसरा आला की ती ३० वर येतात.

आता आपण 'हेलो' या नेमबाजीच्या गेममालिकेकडे वळणार आहोत. तिच्यात या साऱ्या प्रश्नाचा इतिहास जवळजवळ सलग वाचता येतो. १५ नोव्हेंबर २००१ रोजी अमेरिकेत मायक्रोसॉफ्टचा पहिला एक्सबॉक्स हा कन्सोल विक्रीला आला आणि त्याच दिवशी बंजी या स्टुडिओचा 'हेलो: कॉम्बॅट इव्हॉल्व्ह्ड' आला. त्याची संपूर्ण कथा दोघांना एका टीव्हीवर मिळून खेळता येत असे. इथे एक बारीकशी गोष्ट पाहण्यासारखी आहे. एक खेळाडू बराच पुढे निघून गेला आणि त्याने एक ठरावीक जागा ओलांडली की मागे राहिलेला दुसरा खेळाडू क्षणात उचलला जाऊन त्याच्याजवळ येऊन पडतो. खेळणाऱ्यांना ती गंमत वाटे, पण कारण निव्वळ तांत्रिक होते: नकाशाचा पुढचा तुकडा यंत्राच्या स्मृतीत (मेमरीत) भरायचा तर मागचा सोडावा लागणार, आणि सोडलेल्या तुकड्यात कुणाला उभे ठेवता येत नाही. 'कॉन्ट्रा'ने मागे राहिलेल्याला मारले होते, 'हेलो'ने त्याला ओढून आणले. मूळ अडचण एकच होती.

पहिल्या एक्सबॉक्समध्ये नेटवर्कची केबल लावण्याची सोय कारखान्यातूनच येत होती. चार कन्सोल एकमेकांना जोडायचे, प्रत्येकावर चौघांनी बसायचे, म्हणजे सोळा जणांचा सामना. त्यासाठी चार टीव्ही आणि चार डिस्क एका घरात आणाव्या लागत, तरीही लोक आणत. 'हेलो'च्या त्या आवृत्तीत इंटरनेटवरून खेळण्याची सोय नव्हती, म्हणून काही हौशी मंडळींनी संगणकावर चालणारे असे प्रोग्रॅम वापरले की ज्यांमुळे हजार किलोमीटरवरचा कन्सोल शेजारच्याच खोलीत आहे असा एक्सबॉक्सचा समज व्हावा. इंटरनेटवरून खेळण्यासाठी मायक्रोसॉफ्टची स्वतःची एक्सबॉक्स लाइव्ह ही सेवा १५ नोव्हेंबर २००२ रोजी सुरू झाली. ती पहिल्या दिवसापासून फक्त ब्रॉडबँडसाठी होती. टेलिफोनवरून मोडेमने जोडणाऱ्यांना तिथे प्रवेश नव्हता. सेगा या जपानी कंपनीने आपल्या ड्रीमकास्ट या कन्सोलमध्ये मोडेम देऊन ऑनलाइन खेळाचा रस्ता आधीच धरला होता, पण सेगाला कन्सोलचा धंदा सोडावा लागला.

९ नोव्हेंबर २००४ रोजी आलेल्या 'हेलो २'ने अनोळखी माणसांशी खेळणे सोपे केले. यादीतून सर्व्हर, म्हणजे सामना चालवणारा दूरचा संगणक, शोधत बसण्याऐवजी खेळाडूने फक्त खेळाचा प्रकार निवडायचा आणि साधारण आपल्याच ताकदीचे प्रतिस्पर्धी शोधण्याचे काम यंत्रणेने करायचे, ही आज सर्वत्र रुळलेली पद्धत कन्सोलवर याच गेमने घट्ट बसवली. या गेमची आणखी एक बाजू आहे, जी मला अधिक महत्त्वाची वाटते आणि जिचा उल्लेख क्वचितच होतो. घरातला मित्र पाहुणा म्हणून त्याच कन्सोलवर बसू शकत असे आणि दोघे मिळून, अर्ध्या-अर्ध्या पडद्यावर, इंटरनेटवरील लोकांशी लढू शकत. म्हणजे काही वर्षे या दोन पद्धती एकाच घरात गुण्यागोविंदाने नांदत होत्या. एकीने दुसरीला मारलेच पाहिजे असा कुठलाही नियम तंत्रज्ञानात नव्हता.

ऑनलाइन खेळाची स्वतःची किंमत अंतराच्या रूपाने मोजावी लागते. इंटरनेटच्या केबलमधील काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबईपासून सिंगापूर, जिथल्या सर्व्हरवर भारतातील खेळाडूंना अनेक गेमसाठी अवलंबून राहावे लागले आहे, सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर दूर आहे. म्हणजे जाऊन परत यायला आदर्श परिस्थितीतही ४० मिलिसेकंद लागतात, आणि खरी केबल सरळ रेषेत जात नाही. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या गेममध्ये एक चित्र १६.७ मिलिसेकंदांचे असते. याचा अर्थ बटण दाबल्यावर सर्व्हरचे उत्तर येईपर्यंत किमान दोन चित्रे उलटून गेलेली असतात. ही फट झाकण्यासाठी यंत्र अंदाज बांधते. तुमची स्वतःची हालचाल ते उत्तराची वाट न पाहता लगेच दाखवते, समोरचा कुठे असेल ते त्याच्या आधीच्या वेगावरून ठरवते, आणि अंदाज चुकला की गुपचूप दुरुस्ती करते. गोळी लागली की नाही हे ठरवताना बरेच सर्व्हर वेळ किंचित मागे नेऊन, नेम धरणाऱ्याला त्या क्षणी काय दिसत होते ते तपासतात. नेम धरणाऱ्याला हा न्याय योग्य वाटतो. पण ज्याला गोळी लागली तो स्वतःच्या पडद्यावर तोवर भिंतीआड पोहोचलेला असतो आणि भिंतीतून गोळी कशी आली म्हणून चिडतो. दोघांचेही डोळे खरेच सांगत असतात. एका टीव्हीसमोर बसलेल्या चौघांत असा वाद होऊच शकत नाही, कारण तिथे घडलेली गोष्ट एकच असते.

अंतराची ही अडचण असूनही पडदा वाटण्याची पद्धत मागे पडत गेली, आणि 'हेलो'च्या बाबतीत तो क्षण २०१५ साली आला. तोवर मालिका ३४३ इंडस्ट्रीज या स्टुडिओकडे गेली होती. २७ ऑक्टोबर २०१५ रोजी आलेल्या 'हेलो ५: गार्डियन्स'मध्ये एका टीव्हीवर दोघांनी खेळण्याची सोय कुठेच नव्हती. गेम सेकंदाला ६० चित्रांच्या गतीने चालवायचा आहे आणि मोठ्या, भरगच्च लढाया दाखवायच्या आहेत, ते साधताना ही सोय ठेवता येत नाही, असे स्टुडिओने सांगितले. हे कारण खोटे नव्हते. नवे कन्सोल आल्यावर वाढलेली ताकद एकाच मोठ्या, देखण्या चित्रावर खर्च करायची असे बहुतेक स्टुडिओंनी ठरवले होते, आणि दुसऱ्या खिडकीसाठी शिल्लक काही उरत नव्हती. चाहत्यांचा रोष मात्र एवढा झाला की २०१७ साली ३४३ इंडस्ट्रीजच्या प्रमुख बॉनी रॉस यांनी, यापुढील हेलो गेममध्ये ही सोय नेहमी असेल, असे जाहीरपणे सांगितले.

इथे पैशाचा विषय टाळून चालणार नाही. वाटलेल्या पडद्यावर चौघे खेळतात तेव्हा एक कन्सोल आणि एक डिस्क विकलेली असते. तेच चौघे आपापल्या घरून ऑनलाइन खेळले तर चार कन्सोल, चार डिस्क आणि सेवेच्या चार वर्गण्या लागतात. कुठलीही कंपनी हे कारण म्हणून सांगत नाही, आणि सगळे खापर याच हिशेबावर फोडणे अन्यायाचे होईल. पण जी सोय बनवायला अवघड आहे आणि जिच्यातून जादा विक्री होत नाही, तिच्यावर कात्री चालवताना हात कमी थरथरतो, एवढे म्हणायला हरकत नाही. 'हेलो इन्फिनिट' ८ डिसेंबर २०२१ रोजी आला तेव्हा स्पर्धात्मक सामन्यांत पडदा वाटता येत होता, परंतु कथा एका टीव्हीवर दोघांनी खेळण्याची सोय नंतर येईल असे सांगण्यात आले होते. सप्टेंबर २०२२ मध्ये ती रद्द झाल्याची घोषणा झाली. या वेळी चित्रांच्या गतीचे कारण पुढे आले नाही. माणसे आणि वेळ गेमच्या चालू ऑनलाइन सेवेकडे वळवायची आहेत, असे स्टुडिओने सांगितले. गमतीचा भाग असा, की त्याच सुमारास काही खेळाडूंनी मेनूमधील एक पळवाट शोधून काढली आणि विकल्या गेलेल्या गेममध्येच ही सोय बऱ्यापैकी चालते आहे हे दाखवून दिले.

ऑनलाइन सेवेला शेवटची तारीखही असते. पहिल्या एक्सबॉक्सवरील लाइव्ह सेवा १५ एप्रिल २०१० रोजी बंद झाली. 'हेलो २'चा सामना खेळाडूंपैकीच एकाच्या कन्सोलवर चालत असल्यामुळे, त्या रात्री जे आधीच जोडलेले होते त्यांना कन्सोल बंद न करता खेळत राहता आले. मूठभर लोकांनी तो मे महिन्यापर्यंत चालू ठेवला. त्यानंतरच्या एक्सबॉक्स ३६० या कन्सोलवरील हेलो गेमची ऑनलाइन सेवा जानेवारी २०२२ मध्ये थांबली. त्याच डिस्क कन्सोलमध्ये घातल्या तर शेजारी बसलेल्या मित्राबरोबर आजही खेळता येते, त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज लागत नाही. जुना गेम जपून ठेवण्याच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

दरम्यान, पडदा वाटणे ही जुनी सोय न मानता गेमचा पायाच मानणारा एक स्टुडिओ स्टॉकहोममध्ये उभा राहिला. योसेफ फारेस यांच्या हेझलाइटने २०१८ मध्ये 'अ वे आउट' आणि मार्च २०२१ मध्ये 'इट टेक्स टू' आणला. हे गेम एकट्याने खेळताच येत नाहीत. त्याहून विशेष म्हणजे, दोघे दोन शहरांतून ऑनलाइन खेळत असले, प्रत्येकाकडे स्वतःचा पूर्ण टीव्ही असला, तरी दोघांनाही पडदा दुभागलेलाच दिसतो, कारण सोबत्याचे काय चालले आहे हे दिसत राहणे हाच या खेळाचा गाभा आहे. एकाने गेम विकत घेतला की दुसऱ्याला तो न घेता सोबत खेळता येतो, ही मुभाही कंपनीने दिली. 'इट टेक्स टू' २०२१ च्या गेम अवॉर्ड्स सोहळ्यात वर्षातील सर्वोत्तम गेम ठरला.

आणि मोठ्या स्टुडिओंनाही हा प्रश्न सोडवण्यावाचून गत्यंतर नसते, याचे उदाहरण २०२३ साली दिसले. लॅरियन स्टुडिओचा 'बाल्डर्स गेट ३' ऑगस्टमध्ये संगणकावर आणि सप्टेंबरमध्ये प्लेस्टेशन ५ वर आला, पण एक्सबॉक्सवर येईना. मायक्रोसॉफ्टच्या महागड्या सिरीज एक्स आणि स्वस्त सिरीज एस या दोन्ही कन्सोलवर गेममध्ये सारख्याच सोयी असाव्यात असा दंडक होता. सिरीज एक्समध्ये १६ जीबी स्मृती आहे, सिरीज एसमध्ये १०. पडदा वाटून खेळणारे दोन खेळाडू शहराच्या दोन टोकांना गेले की दोन्ही टोके एकाच वेळी स्मृतीत ठेवावी लागतात, आणि १० जीबीत ती मावेनात. शेवटी मायक्रोसॉफ्टने दंडक सैल केला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये गेम सिरीज एसवर पडदा वाटण्याच्या सोयीविना आला. लॅरियनने काम मात्र सोडले नाही. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या आठव्या मोठ्या अद्ययावतीकरणात सिरीज एसवरही पडदा दोघांत वाटता येऊ लागला.