दारूगोळ्याच्या पेटीचा चेलो

बसा बसा, पुढे जागा आहे. कार्डावर विषय छापलाय 'मोरिस मारेशाल आणि दोन महायुद्धांमधलं फ्रेंच चेलोवादन', त्यावर येतोच, पण आधी ही पेटी बघा. देवगडची आहे, आंबे घरी संपले, तेव्हा मागच्यांनी उगाच माना उंच करू नका! आता टिचकी मारतो. ऐकलं? ठक्. आवाज निघाला तिथेच मेला. आता हीच टिचकी या चेलोच्या, म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायच्या मोठ्या व्हायोलिनसारख्या वाद्याच्या, पाठीवर. हा बघा, आत घुमतोय थोडा वेळ. समोरची फळी स्प्रूसची, पाठ मेपलची, दोन्ही आतून-बाहेरून कोरून फुगीर केलेल्या, आणि कंबर आत घेतलेली, कारण नाहीतर कडेच्या तारेवर गज नेला की तो लाकडालाच घासेल. खूप वर्षांच्या कारागिरीतून हा आकार आलाय.

आता हे सगळं विसरा आणि 1915 मध्ये चला. मारेशाल हा फ्रेंच चेलोवादक, तेव्हा बाविशीतला, जन्म 1892 चा, दीजोंचा, पॅरिसच्या कॉन्झर्व्हटॉयरमध्ये, म्हणजे तिथल्या संगीत महाविद्यालयात, 1911 ला पहिलं बक्षीस घेतलेला. 1914 ला पहिलं महायुद्ध पेटलं आणि हा आघाडीवर, निरोप पोचवायचं काम. चेलो अर्थातच जवळ नाही, खंदकात कोण चेलो आणतो? तर पलटणीतल्या दोघा सुतारांनी, नेयाँ आणि प्लिक अशी आडनावं, दारूगोळ्याच्या पेट्यांचं लाकूड घेऊन त्याला चेलो करून दिला. फळ्या सपाट, फुगवटा नाही, कोन तसेच टोकदार. त्याचं नाव पडलं 'पोयलू'. पोयलू म्हणजे केसाळ, दाढी वाढलेल्या फ्रेंच सैनिकाला लोक प्रेमाने तसं म्हणायचे, म्हणजे वाद्यालाही पलटणीत भरती करून घेतलं म्हणा ना.

मी तो पॅरिसला संगीत संग्रहालयात काचेआड पाहिला. शेजारपाजारचे चेलो वार्निशने चमकतात आणि हा आपला उभा, ओबडधोबड, बाजारातून धान्य आणलेल्या खोक्यासारखा, आणि त्यावर सह्या आहेत, फॉश, पेताँ, मांजँ, गुरो, सगळे सेनापती! मी वाकून वाकून बघत होतो, रखवालदार दोनदा येऊन गेला. मला त्या सह्यांपेक्षा सांधे बघायचे होते. रोज चौकटी-दारं करणाऱ्या माणसाने मानेचा सांधा कसा बसवला असेल, खुंटी सरकू नये म्हणून काय केलं असेल, आणि पहिल्यांदा खर्जाची तार लावून गज ओढला तेव्हा ते दोघं समोर उभे असतील ना? मला तर त्यांचेच चेहरे दिसतात.

आणि आता माझी तक्रार, जी मी गेली कित्येक वर्षं भेटेल त्याला सांगतोय. माझ्याकडे मारेशालची एक जुनी रेकॉर्ड आहे, तिच्या पाठीमागच्या मजकुरात 1911 चं बक्षीस आहे आणि पुढच्याच वाक्यात एकदम 1920 च्या दशकातल्या मैफली. मधली युद्धाची चार वर्षं गायब! जणू काही तेवढा काळ तो आजारी पडून घरी होता. अहो, तीच वर्षं तर त्याची खरी शाळा. त्याच डिव्हिजनमध्ये ल्यूसियाँ द्युरोस्वार व्हायोलिनवर, संगीतकार आंद्रे काप्ले व्हायोलावर, म्हणजे व्हायोलिनच्या थोरल्या भावावर, आणि जनरल मांजँना संगीताची आवड म्हणून यांना एकत्र वाजवायला मिळायचं. सकाळी निरोप घेऊन धावायचं, संध्याकाळी चार वाद्यांची चौकडी वाजवायला बसायची, कधी चर्चमध्ये मेलेल्या सोबत्यांसाठी वाजवायचं. अशा वेळी बाजूला बसलेल्या माणसाचा श्वास ओळखायला लागतो माणूस. माझं म्हणणं एवढंच की पुढची त्याची सगळी कारकीर्द या मैत्रीतून उगवली.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं. बरं, मग भराभर घेतो.

काप्ले युद्धातल्या विषारी गॅसने फुफ्फुसं गेलेला, 1925 ला वारला, पण त्याआधी 1923 मध्ये मारेशालसाठी चेलो आणि ऑर्केस्ट्राचं 'एपिफनी' लिहून गेला. त्याच्या आधीच्या वर्षी संगीतकार राव्हेलचा व्हायोलिन-चेलो सोनाटा (सोनाटा म्हणजे एक-दोन वाद्यांसाठीची अनेक भागांची रचना) पॅरिसला पहिल्यांदा वाजला, संगीतकार डेब्युसीच्या स्मरणार्थ लिहिलेला, मारेशालबरोबर व्हायोलिनवर एलेन जुर्दाँ-मोराँज, जिचा नवरा युद्धात मारला गेला होता, आणि राव्हेल स्वतः युद्धात ट्रक चालवून आलेला. तिघंही युद्धातून आलेली माणसं, म्हणून मला त्या सोनाट्यात दोन वाद्यं एकमेकांना टेकून उभी राहिल्यासारखी वाटतात. पुढे संगीतकार होनेगरचा कॉन्चेर्तो, म्हणजे एक वाद्य आणि ऑर्केस्ट्राची रचना, याने पहिल्यांदा वाजवला 1930 मध्ये बॉस्टनला, कंडक्टर कूसेविट्स्कीसोबत, आणि संगीतकार मियोचा पहिला कॉन्चेर्तो 1935 ला. नवं काही चेलोसाठी लिहिलं की पहिलं दार याचंच वाजायचं.

दुसऱ्या युद्धात जर्मनीत वाजवायचं निमंत्रण त्याने नाकारलं, जर्मनांच्या ताब्यातल्या रेडिओवरही वाजवलं नाही. 1942 पासून कॉन्झर्व्हटॉयरला शिकवलं, वीसेक वर्षं, 1964 ला गेला. यावर स्वतंत्र तासभर बोलता येईल, पुढच्या वेळी बोलवा.

आता एकच. डेब्युसीने चेलो सोनाटा लिहिला 1915 च्या उन्हाळ्यात, नॉर्मंडीच्या समुद्राकाठी. त्याच उन्हाळ्यात इकडे सुतार पेट्या फोडत होते. मारेशालने तो 1930 मध्ये रेकॉर्ड केला, पियानोवर रॉबेर कासादस्यू. दिवे कमी करा जरा, आणि लाव रे ते, सुरुवातीपासून.