पंधरा खुर्च्या

(रिकामा रंगमंच. मधोमध अर्धवर्तुळात पंधरा खुर्च्या.)

या खुर्च्या कोरसच्या आहेत, म्हणजे नाटकात एकत्र बोलणाऱ्या समूहाच्या. नाटक ग्रीक नाटककार सोफोक्लिसचं, 'अँटिगनी'. वय सुमारे २,४५० वर्षं.

दोन भाऊ एकमेकांच्या हातून मरतात. थीब्जचा राजा क्रेऑन हुकूम काढतो, एकाला मानानं पुरा, दुसऱ्याचं प्रेत उघड्यावर पडू दे. त्यांची बहीण अँटिगनी त्या प्रेतावर माती टाकते. तेवढ्यासाठी तिला जिवंतपणी गुहेत कोंडतात.

हे आजच्या काळात आणायचं म्हटलं की आधी कपड्यांवर चर्चा होते. क्रेऑनला सूट, पहारेकऱ्यांना गणवेश. ते एका दुपारी ठरतं. घोडं अडतं कोरसपाशी.

मूळ नाटकात कोरस म्हणजे शहरातली वयोवृद्ध माणसं. राजासमोर जपून बोलणारी. क्रेऑनचा मुलगा हेमॉन बापाला सांगतो, सारं शहर या मुलीसाठी आतल्या आत हळहळतंय, पण तुमच्या तोंडावर बोलायला कुणी धजत नाही. मग आज ही माणसं कोण?

१९४४. जर्मन सैन्याच्या ताब्यातलं पॅरिस. फ्रेंच नाटककार ज्याँ अनुईनं आपल्या 'अँटिगनी'त कोरसचा एकच माणूस केला. सुरुवातीला सगळी पात्रं मंचावर, आणि हा शांतपणे सांगून टाकतो, ती तिथे गप्प बसलेली बारीकशी मुलगी अँटिगनी. ती मरणार आहे.

१९७३. वर्णभेदी राजवटीतलं केप टाउन. अथॉल फुगार्ड, जॉन कानी आणि विन्स्टन न्त्शोना यांनी मिळून उभं केलेलं 'द आयलंड'. एका कोठडीतले दोन कैदी. दिवसभर वाळू उपसायची आणि दुसरा जिथे खणतोय तिथे नेऊन ओतायची. ढीग संपतच नाही. रात्री, तुरुंगातल्या कार्यक्रमासाठी 'अँटिगनी'ची तालीम. त्यातल्या विन्स्टन नावाच्या कैद्याला अँटिगनी व्हायचंय, पण बाईचा टोप घालायची लाज वाटते. सगळे हसतील ना! प्रयोगात मात्र तो टोप काढून फेकतो आणि स्वतःच्या आवाजात बोलतो. इथे मंचावर कोरस नाहीच. समोर बसलेले आपणच कैदी, आपणच पहारेकरी. इतकं धाडसी उत्तर मी दुसरं पाहिलेलं नाही.

(नट संहिता चाळतोय.)

काटछाट करताना एका जागेला हात लावू नये. आंधळा भविष्यवेत्ता टायरेसियस, त्याच्या भाकितानं क्रेऑन हादरतो. कोरस सांगतो, आधी मुलीला सोडव, मग प्रेताला मूठमाती दे. क्रेऑन उलट करतो. आधी प्रेत, मग गुहा. पोहोचतो तोवर तिनं गळफास घेतलेला असतो.

हे मंचावर दिसत नाही. निरोप्या येऊन सांगतो. आज तिथे मागच्या पडद्यावर चित्रफीत लावायचा मोह होतो, आणि तो खरोखर टाळायला हवा. चित्रात प्रेत दिसेल, गुहा दिसेल. पण आधी कुठे गेला आणि नंतर कुठे, हे काळजाला भिडतं ते माणसाच्या तोंडून ऐकताना.

(खुर्च्या एकेक करून उचलल्या जातात. प्रेक्षागृहाच्या पहिल्या रांगेपुढे मांडल्या जातात. मंचावर निरोप्या एकटा. तो श्वास घेतो.)