ड्रायव्हर सीटची कड

(दृश्य: गाडीचं उघडं दार, सीटची कड जवळून)

दहा-बारा वर्षं वापरलेल्या गाडीची लेदर सीट कुठं खराब होते ते बघायचं असेल, तर ड्रायव्हरचं दार उघडा. बाकी सीट ठणठणीत असते. दाराकडची उभारलेली कड तेवढी पांढरट पडून भेगाळलेली दिसते. चढता-उतरताना अंगाचा भार याच कडेवर घासत जातो आणि जीन्सची पितळी बटणंही रोज तिथंच ओरखडतात.

मालक म्हणतात, चामडं गेलं. बहुतेक वेळा ते गेलेलं नसतं.

सीटचं चामडं साधारण १ ते १.४ मिलिमीटर जाडीचं, पुष्कळदा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं. त्याच्यावर रंगाचा आणि रंगावर पारदर्शक पॉलियुरेथेनचा थर असतो. युरोपातल्या मानकाप्रमाणे हा लेप ०.१५ मिलिमीटरहून जाड असेल, तर त्या मालाला लेदर म्हणता येत नाही. आपला हात फिरतो तो या लेपावर, आणि सुरुवातीच्या भेगाही यातच पडतात. ऊन त्याला कडक करतं, घाम खातो. डोकं टेकायच्या जागी केसांचं तेल मुरून तो मऊ पडतो आणि पापुद्रे सुटायला लागतात.

म्हणूनच खोबरेल तेल किंवा बुटाचं पॉलिश चोळून भेग भरत नाही. लेप शाबूत असतो तिथं तेल चामड्यापर्यंत पोचतच नाही. भेगेतून मात्र आत उतरतं आणि पुढं कारागिराचा रंग तिथं धरत नाही. झटपट चिकटवणाऱ्या गोंदाचं नुकसान त्याहून मोठं. तो वाळला की काचेसारखा कडक होतो, आणि सीट दबली की त्याच्या शेजारचं चामडं फाटतं. हे दोन्ही उपाय कृपा करून टाळा.

(दृश्य: कारागिराचे हात, सौम्य साबणाचा फेस, ब्रश)

कामाची सुरुवात धुण्यापासून होते. वर्षानुवर्षांचा मळ निघाला की आयसोप्रोपिल अल्कोहोलचं फडकं फिरवून उरलेला तेलकटपणा काढायचा. मग बारीक सँडपेपर, हलक्या हातानं. उठलेल्या कडा बसल्या पाहिजेत, पण चामड्याचे तंतू उघडे पडता कामा नयेत.

आरपार भोक असेल, तर जळक्या किंवा उसवलेल्या कडा ब्लेडनं साफ करतात. भोकापेक्षा मोठा कापडाचा तुकडा चिमट्यानं आत सरकवून चामड्याखाली सपाट पसरतात आणि लवचीक गोंदानं चिकटवतात. मग त्यावर फिलर, म्हणजे खड्डा भरणारी पेस्ट. हा एका दमात भरायचा नसतो. पातळ थर द्यायचा, वाळवायचा, घासायचा, पुन्हा थर द्यायचा. वाळवायची गरम हवेची हीट गन सतत फिरती ठेवावी लागते. एकाच जागी धरली तर चामडं आक्रसतं.

भरलेली जागा गुळगुळीत दिसते आणि तिथंच दुरुस्ती उघडी पडते, कारण सीटला दाणा, म्हणजे चामड्याची बारीक सुरकुत्यांची नक्षी असते. म्हणून त्याच सीटच्या चांगल्या भागावर सिलिकॉन ओतून ठसा घेतात आणि तो ओल्या फिलरवर दाबतात. हा ठसा उचलताना बघण्यासारखं असतं: शेजारच्या सुरकुत्या नव्या जागेत सरळ पुढं गेलेल्या दिसतात.

खरी कसोटी रंगाची. कंपनीची मूळ शेड इथं कामाची नाही, कारण सीट उन्हानं उतरलेली असते. बेज रंगासाठी पांढऱ्यात पिवळा, तपकिरी आणि काळ्याचा एखादा थेंब घालत जायचं. ओला रंग वाळल्यावर बदलतो, त्यामुळे थेंबभर लावून, वाळवून, दिवसाच्या उजेडात बघायचं. पसंत पडला की स्प्रे गननं विरळ हात मारायचे. शेवटी पारदर्शक थर, शेजारच्या भागाइतकाच मंद चमकीचा.

हे सगळं लेदरसाठी. रेक्झिनचा पापुद्रा सुटून खालचं कापड दिसायला लागलं, की तो तुकडाच बदलणं बरं. लेदर सीट म्हणून विकलेल्या गाडीतही बाजूचे आणि पाठीचे तुकडे पुष्कळदा रेक्झिनचे असतात, तेव्हा आधी ओळख पटवा. कापलेल्या काठाशी मागून तंतू दिसले तर लेदर, विणलेलं कापड दिसलं तर रेक्झिन.

(दृश्य: सीटच्या बाजूला शिवलेलं एअरबॅगचं लेबल)

हे लेबल दिसलं तर थांबा. सीटमधली एअरबॅग त्या बाजूची शिवण फाडून बाहेर येते आणि ती शिवण ठरावीक ताणाला सुटेल अशीच घातलेली असते. ती उसवली म्हणून साध्या जाड दोऱ्यानं पक्की शिवली, किंवा वरून बंद कव्हर चढवलं, तर अपघातात एअरबॅग अडू शकते. ही शिवण नेहमीच्या कुशनवाल्याकडे देऊ नका. त्या सीटचा तुकडा मूळ शिवणीसह कंपनीकडून मागवा आणि तो त्यांच्याच सर्व्हिस सेंटरमध्ये बसवून घ्या.

रंगवलेल्या कडेला मात्र एवढं जाचक पथ्य नाही. रंग पुरता वाळेपर्यंत त्या सीटवर बसायचं नाही, आणि नंतर पुसायला ओलसर मऊ फडकं पुरतं.